स्वल्पविरामशेठ

चहाच्या टपरीवर सगळे "एक कटिंग" म्हणतात. स्वल्पविरामशेठ म्हणतात, "चहा, कटिंग चहा, अर्धा चहा, आल्याचा चहा, कमी साखरेचा चहा." मग थांबतात आणि टपरीवाल्या पोराच्या तोंडाकडे बघतात. पाचातला एखादा तरी शब्द पोराला लागेल आणि ग्लास पुढं येईल, असा त्यांचा हिशेब. पोरगं आता सरावलंय. ते पहिल्याच शब्दाला ग्लास भरतं आणि शेठचे उरलेले चार शब्द होईतो दुसऱ्या गिऱ्हाइकाला खारी देऊन मोकळं होतं.

असे शेठ पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीपासून शिरूरपर्यंत कुठंही भेटतील. जिथं कारखाने आले तिथं कारखान्यांना लागणारी माणसं आली, माणसांना लागणाऱ्या खोल्या आल्या, खोल्यांमागोमाग मेस आल्या आणि या सगळ्यांच्या पाट्या आल्या. पाट्या लावून झाल्या की वेबसाइट करायची हुक्की येते, आणि तिथं शेठ लागतात. आमच्या पाहण्यातला नमुना सणसवाडीचा. कोरेगाव भीमा मागं पडलंय, शिक्रापूर अजून यायचंय, एवढ्यात हायवेला लागून त्यांचा गाळा आहे. वय पंचेचाळिशीच्या आसपास. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन फक्त स्वल्पविरामासाठी.

गाळ्यावरची पाटी अशी: "वेबसाइट, वेबसाईट, वेब साइट, संकेतस्थळ, डिजिटल मार्केटिंग, फ्लेक्स, बॅनर, लग्नपत्रिका, पत्रिका (लग्नाची), झेरॉक्स, पॅन कार्ड, पॅनकार्ड." एवढ्यात पाटी संपली. फोन नंबर मावला नाही म्हणून तो शटरवर ऑइल पेंटनं लिहिलाय. शटर वर असलं, म्हणजे दुकान उघडं असलं, की नंबर दिसत नाही.

घरातही तीच तऱ्हा. भाजी काय करू, असं बायकोनं विचारलं की शेठ सुरू होतात, "वांगं, भरलं वांगं, वांग्याचं भरीत, वांगी बटाटा."

"अहो, एक काय ते सांगा."

"एकच सांगितलं आणि नेमकं तेच घरात नसलं तर?"

या तर्काला उत्तर नाही. शेठची सगळी विद्या याच तर्कावर उभी आहे.

तर्काचं मूळ फ्लेक्समध्ये आहे. वेबसाइटच्या आधी शेठ फ्लेक्स करायचे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वर एक भला मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस-पन्नास छोटे चेहरे, प्रत्येकाखाली नाव. या धंद्यात शेठ एकच नियम शिकले: नाव राहिलं तर माणूस तोंड फिरवतो, नाव जास्त झालं तर कुणी काही म्हणत नाही. लग्नपत्रिकेनं हा नियम पक्का केला. निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, समस्त भावकी, आणि तळाला किलबिल करणारी बारकी पोरं. वधू-वरांची नावं शोधावी लागली तरी चालेल, पण चुलत मामांचं नाव राहता कामा नये. फ्लेक्सला एक अडचण मात्र होती. त्याचे पैसे स्क्वेअर फुटावर पडतात. नाव वाढलं की फूट वाढतो आणि फूट वाढला की गिऱ्हाईक घासाघीस करतं.

अशा माणसाला कुणीतरी सांगितलं की वेबपानाला एक अशी जागा असते जी वाचणाऱ्याला दिसत नाही, जिच्यात कितीही शब्द घालता येतात आणि जिचा फुटाला एक पैसाही पडत नाही. शेठना मोक्षाचं दार सापडलं.

ती जागा म्हणजे कीवर्डचा मेटा टॅग. वेबपानाचे दोन भाग असतात, डोकं आणि धड. धड आपल्याला दिसतं: फोटो, मजकूर, फोन नंबर. डोक्यात ब्राउझरसाठी आणि शोधयंत्रांसाठी माहिती लिहिलेली असते: पानाचं शीर्षक काय, अक्षरं कुठल्या संकेतात साठवलीत, पानाचं थोडक्यात वर्णन काय. त्यातच एक ओळ कीवर्डची. पान ज्या विषयाचं आहे ते शब्द त्यात स्वल्पविराम देत लिहायचे. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि यू दाबलं की पानाची ही आतली बाजू उघडते. शेठ कुणाचीही वेबसाइट बघताना आधी तेच दाबतात. पानाची पुढची बाजू त्यांनी क्वचितच पाहिली असेल.

आता या ओळीची मांडणी. इथं शेठचं शास्त्र सुरू होतं. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची की नाही? एकवचन लिहायचं की अनेकवचन? इंग्रजी अक्षरं कॅपिटल की स्मॉल? महत्त्वाचा शब्द आधी घ्यायचा की शेवटी? एकेका प्रश्नावर शेठ दुपारभर बोलू शकतात. त्यांचं मत असं की जागा सोडू नये, कारण प्रत्येक मोकळ्या जागेत अर्धा शब्द बसतो. एकवचन-अनेकवचन दोन्ही घ्यावं. महत्त्वाचा शब्द आधी घ्यावा, मध्ये घ्यावा आणि शेवटीही घ्यावा.

त्यांची भाची वाघोलीच्या बाजूला इंजिनिअरिंग करते आणि सुट्टीला मामाच्या गाळ्यावर बसते. एकदा तिनं आपला लॅपटॉप मामांपुढं सरकवला. त्यावर, वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या ४.० या आवृत्तीचा, डिसेंबर १९९७ मध्ये आलेला अधिकृत दस्तऐवज होता. त्यात कीवर्डचं उदाहरण दिलंय तीन शब्दांचं: सुट्टी, ग्रीस, ऊन. तेच इंग्रजीत अमेरिकनांसाठी वेगळं, ब्रिटिशांसाठी वेगळं, आणि फ्रेंचमध्ये आणखी वेगळं. प्रत्येक भाषेला वेगळी ओळ, प्रत्येक ओळीत तीन शब्द आणि दोन स्वल्पविराम.

शेठनी ते बराच वेळ पाहिलं. "तीनच शब्द? यांचं हॉटेल कसं चालत असेल?"

"मामा, हे उदाहरण आहे."

"मग उदाहरण तरी भरून द्यायचं."

आताच्या एचटीएमएलच्या दस्तऐवजात दुसरं उदाहरण आहे. ते ब्रिटनच्या हायवेवरच्या पाट्यांच्या अक्षरांबद्दल आहे, आणि त्यात फॉन्ट आणि फॉन्ट्स, हायवे आणि हायवेज असं एकवचन-अनेकवचन दोन्ही दिलंय, स्वल्पविरामानंतर जागा न सोडता. हे पाहून शेठची छाती फुगली. पाट्या, हायवे आणि दोन्ही वचनं! साहेबाच्या देशात आपल्याच मताचा माणूस बसलाय याची त्यांना खात्री पटली. भाचीनं मग त्याच पानावरचं पुढचं वाचून दाखवलं. स्वल्पविरामाच्या आगेमागे जागा असली तर ती काढूनच टाकायची, असं तिथं सांगितलंय. म्हणजे सोडा किंवा सोडू नका, फरक शून्य. तोच शब्द पुन्हा आला तर तो एकदाच धरायचा. आणि शेवटी, पुष्कळ शोधयंत्रं हे कीवर्ड मुळी बघतच नाहीत, कारण लोकांनी आजवर ते बेभरवशाचे आणि दिशाभूल करणारे भरले, असंही स्पष्ट लिहिलंय.

"तुम्ही एका पानावर 'पावडर कोटिंग' बारा वेळा लिहिलंय, मामा."

"अकरा वेळा. बारावं 'पाउडर' आहे."

शेठना टॅगचा चांगला काळ फक्त ऐकून माहीत. गूगल जन्मायच्या आधी, १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र सुरू झालं. त्या जमान्यातली शोधयंत्रं पानाचा मालक आपल्या पानाबद्दल काय सांगतो यावर बराच विश्वास टाकायची. मालकांनी तो विश्वास लगेच कामाला लावला. ज्या शब्दाला लोक जास्त शोधतात तो शब्द, आपला त्याच्याशी संबंध असो-नसो, टॅगमध्ये कोंबायचा. पान टायरचं, टॅगमध्ये नट्यांची नावं. १९९८ मध्ये गूगल आलं. त्यानं वेगळीच चाल धरली: तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता ते राहू द्या, दुसरी पानं तुमच्याकडे बोट दाखवतात का ते बघू. आणि सप्टेंबर २००९ मध्ये गूगलनं जाहीरच करून टाकलं की शोधाचे निकाल लावताना आम्ही कीवर्डचा मेटा टॅग विचारात घेत नाही.

हे भाचीनं सांगितलं तेव्हा शेठ मुळीच डगमगले नाहीत. "असं सांगावंच लागतं त्यांना. परीक्षेला कुठला प्रश्न येणार, हे मास्तर कधी फळ्यावर लिहितो का?" आणि ते दुप्पट जोमानं टॅग भरायला लागले.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. शेठच्या याद्या फुगवलेल्या असल्या तरी अडाणी नव्हेत. या रस्त्यावर कोण कशाला काय म्हणतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. सणसवाडीचंच घ्या. मराठवाड्यातून आलेला पोरगा फोनवर 'सणसवाडी' लिहितो. बिहार-यूपीकडच्या पोरांच्या फोनवर ती 'सनसवाडी' होते. इंग्रजीत कुणी डब्ल्यू घालतं, कुणी व्ही. कुणी 'सणस' आणि 'वाडी' यांच्यात एवढं अंतर ठेवतं की मध्ये दुसरं गाव बसावं. शेठकडे हे सगळे प्रकार वहीत उतरवलेले आहेत, लाल स्वल्पविराम देऊन.

गावांच्या नावांत तर ते वस्ताद आहेत. शिरूर म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, कुठलं? आपलं घोडनदीचं, बीडकडचं शिरूर कासार, की लातूरकडचं शिरूर अनंतपाळ? तळेगाव म्हणजे ढमढेरे की दाभाडे? एक आपल्या शिक्रापूरशेजारी, दुसरं मुंबई रस्त्याला. चुकीच्या तळेगावाला गेलेला टेम्पो संध्याकाळपर्यंत परत येत नाही. कोरेगाव म्हणजे भीमा, मूळ, पार्क की साताऱ्याचं? वेल्डिंगची चौकशी करणारा पार्कातून फोन करतो आणि कॅफेची चौकशी करणारा भीमेकाठी येऊन उभा राहतो. अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं तेव्हा आख्ख्या रस्त्याला नवं नाव मिळालं. शेठनी रात्रभर जागून आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या टॅगमध्ये 'पुणे-अहिल्यानगर रोड' घातलं. 'पुणे-नगर रोड' आणि 'पुणे-अहमदनगर रोड' अर्थातच काढलं नाही. फ्लेक्सवरून आधीचं नाव काढलेलं कुणी पाहिलंय?

या बेलगाम उदारपणाला एकदाच ब्रेक लागला, तोही वकिलाकडून. पावडर कोटिंगचा कारखाना असलेल्या एका अण्णांच्या पानावर शेठनी जवळच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची नावं टॅगमध्ये घातली होती. तर्क सरळ होता: त्यांना शोधणारा माणूस आपल्याकडं आला तर वाईट काय? अण्णांच्या ओळखीच्या वकिलानं सांगितलं, असं करू नका, यावरून मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण झालेलं आहे. २०१४ चं. लग्नं जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमचं नाव दुसऱ्या एका लग्नाच्या साइटनं आपल्या मेटा टॅगमध्ये घातलं होतं. शादी डॉट कॉम कोर्टात गेली आणि न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या साइटला मनाई केली.

शेठनी नावं त्याच दिवशी काढली, पण खंत वेगळीच राहिली. "म्हणजे बघा," ते अण्णांना म्हणाले, "गूगल वाचत नाही म्हणतात. कोर्ट वाचतं!" इतक्या वर्षांत टॅगला पहिला वाचक मिळाला होता, आणि तो निघाला न्यायाधीश.

या प्रकरणानंतर शेठनी भाचीचं अर्धं ऐकलं. न दिसणारा टॅग गूगल बघत नाही, पानावरचा मजकूर बघतं, एवढं त्यांनी मान्य केलं. मग त्यांनी टॅगमधली सगळी यादी उचलली आणि अण्णांच्या पानाच्या तळाला ओतली, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसणार नाही, यंत्राला दिसेल. यादीत बारा वेळच्या पावडर कोटिंगखेरीज 'सणसवाडी रूम भाड्याने, वन आरके, मेस, डबा, हायड्रा, क्रेन, जेसीबी, लेबर, हेल्पर पाहिजे' हेही होतं. का, असं विचारल्यावर शेठ म्हणाले, "जागा होती."

आठवडा गेला आणि अण्णांचा फोन वाजायला लागला.

"हॅलो, वन आरके आहे का? डिपॉझिट किती?"

"इथं पावडर कोटिंग होतं."

"चालेल. पाणी चोवीस तास असतं का?"

दुपारी मेसचा फोन, संध्याकाळी हायड्राचा. अण्णांच्या अकाउंटंटनं पान उघडून उंदीर खालपर्यंत ओढत नेला, तर तळाला निळ्या पट्ट्यांत पांढरी अक्षरं उमटली, ओळीवर ओळी. त्याला वाटलं, साइटला कुणाची तरी बाधा झाली. अण्णा तडक गाळ्यावर आले.

"शेठ, मी लोखंडाला रंग मारतो. माझ्याकडं खोल्या कुठनं आल्या?"

"अण्णा, फोन येतायत की नाय?"

"येतायत."

"मग कीवर्ड चालला!"

अण्णा पेटले होते, पण धंद्याचे माणूस. शेडच्या मागं दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या. त्या महिनाअखेरीला भाड्यानं गेल्या. या एका यशावर शेठ पुढं कितीतरी दिवस जगले. पांढऱ्यावर पांढरं लिहिणं गूगलच्या नियमांत बसत नाही, असं पान निकालांत खाली ढकललं जातं किंवा काढून टाकलं जातं, हे भाचीनं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन खोल्यांचा दाखला दिला. मग एके दिवशी अण्णांचं पान 'पावडर कोटिंग सणसवाडी' असं शोधूनही दिसेना. खोल्यांचे फोन थांबले आणि रंगाचेही थांबले.

तेव्हा भाचीनं मामांची वही मागून घेतली. कॉम्प्युटर नव्हे, वही. ती घेऊन ती अण्णांच्या शेडमध्ये जाऊन बसली. तिथं गेट येत होती, ग्रिल येत होतं, पंख्यांच्या जाळ्या, कंट्रोल पॅनलची खोकी. गिऱ्हाईक आल्यावर काय म्हणतं हे ती ऐकत होती आणि वहीत त्या-त्या शब्दावर खूण करत होती. कारखान्याचा परचेसवाला 'पावडर कोटिंग' म्हणतो. गेट घेऊन आलेला शेतकरी 'भट्टीचा रंग' म्हणतो, कारण त्यानं ते लोखंड भट्टीत जाताना पाहिलेलं असतं. पावडर विजेच्या भारानं लोखंडाला चिकटवतात आणि दोनशे अंशांच्या आसपास भाजतात, हे त्याला माहीत नसतं. रंग लवकर निघणार नाही, एवढं हवं असतं. मामांच्या वहीत हे दोन्ही शब्द होते. चाळीस निरुपयोगी शब्दांच्या मध्ये, पण होते.

तिनं पान नव्यानं लिहिलं. तळाची पांढरी यादी काढली, कीवर्डचा टॅग रिकामाच ठेवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं: "गेट, ग्रिल, जाळ्या आणि पॅनल यांना भट्टीचा पक्का रंग, म्हणजे पावडर कोटिंग. पुणे-नगर रस्त्यावर, कोरेगाव भीमा आणि शिक्रापूरच्या मध्ये, सणसवाडी." वर्णनाच्या मेटा टॅगमध्येही हेच घातलं, कारण तो टॅग अजून कामाचा आहे: शोधाच्या निकालात शीर्षकाखाली ज्या दोन ओळी दिसतात, त्या गूगल पुष्कळदा तिथून घेतं. साधारण दीडशे अक्षरांपलीकडचं तिथं कापलं जातं, म्हणून तिनं मोजून लिहिलं. रंग काढण्यापासून भाजण्यापर्यंतच्या कामाचे फोटो टाकले, नकाशावर शेडची जागा नीट लावली, आणि गूगलकडे पान पुन्हा तपासण्याची विनंती केली.

शेठनी तो मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग खिशातून लाल पेन काढून स्वल्पविराम मोजले. "वाक्य बरं जमलंय," ते म्हणाले, "पण फार मोकळं मोकळं वाटतं. एखादं 'ओव्हन पेंट' टाकायचं का?"

"तसं कुणी म्हणतं का मामा, आपल्याकडं?"

शेठनी जरा विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांचा सगळा गुन्हा अति खरेपणाचा आहे. "चाकणकडचा एक साहेब म्हणतो," ते म्हणाले. भाचीनं 'ओव्हन पेंट' टाकलं.

आता अण्णांचं पान पुन्हा दिसतं. फोन रंगाचेच येतात. खोल्यांसाठी शेठनी वेगळं पान करून दिलंय, त्यात खोल्यांचे खरे फोटो आणि खरं भाडं आहे, आणि तेही दिसतं. शेठ मात्र आपल्या स्वतःच्या पानाचा टॅग कुणाला हात लावू देत नाहीत. त्यात अजून अहमदनगर आणि अहिल्यानगर गुण्यागोविंदानं नांदतात, आणि त्या ओळीला वाचक कुणीच नाही.

शेठना हसणं सोपं आहे. पण मेटा टॅगचा जीव सणसवाडीच्या एका माणसानं घेतलेला नाही. जगभरच्या धंदेवाल्यांनी त्या ओळीत खोटी नावं भरली, म्हणून ती ओळ वाचणाऱ्यांनी वाचायचं सोडलं. यंत्राला फसवायला लिहिलेलं शेवटी यंत्रही वाचत नाही आणि माणूसही. शेठकडे निदान खऱ्या नावांची वही आहे. बाकीच्यांकडे तीही नसते. तेव्हा तुमच्या कारखान्याची, मेसची किंवा पतसंस्थेची वेबसाइट असेल, तर आज कंट्रोल-यू दाबून बघा. आत गावभरची नावं सापडली तर सगळी पुसून टाका. त्यातली ज्या नावांनी गिऱ्हाईक खरंच विचारत येतं, तेवढी दोन-चार निवडा आणि पानावर काळ्या अक्षरांत, सरळ वाक्यात लिहा.